राखीव गोलरक्षकाचं मनगट

मंगळवार, ४

चौथाही सुटला. छातीशी आलेला, हळू मारलेला चेंडू खांबाच्या हातांतून निसटून गोलमध्ये गेला. मी पाचवा ठेवला आणि त्याहून हळू मारला. तोही सुटला.

"काय झालंय?" मी विचारलं.

"मार तू."

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. खांब म्हणजे आमचा गोलरक्षक, संघातलं टोपणनाव. मी राखीव. संघात मला हाकही 'राखीव' अशीच मारतात. सरावात मी त्याच्यावर चेंडू मारतो आणि सामन्यात बेंचवर बसून त्याचं जॅकेट सांभाळतो. त्याच्या हातून चेंडू सुटायला लागले तर माझी पाळी येईल. या वयात ती पुन्हा यायची नाही.

सहावा त्याने धरला आणि परत दिलाच नाही. पोटाशी घेऊन उभा राहिला.

"तीस तारखेला मी मावशीला आणत नाही," तो म्हणाला.

हंगामातल्या घरच्या शेवटच्या सामन्याला आम्ही प्रत्येक जण घरच्या एका माणसाचा हात धरून मैदानात येतो. क्लबची जुनी पद्धत आहे. खांबाचं लग्न झालेलं नाही, म्हणून दरवर्षी मावशी. मावशी मध्यावर पोचली की प्रेक्षकांना हात करते आणि परत जायचं विसरते.

"बरं नाही का त्यांना?"

"ठणठणीत आहे. मी डॉक्टरला आणणार आहे."

"म्हणजे बरं नाहीच."

"जनावरांचा डॉक्टर आहे तो."

मी विचार केला. मावशी आणि जनावरांचा डॉक्टर यांचं काही जुळेना. खांब माझ्याकडे बघत राहिला. पेनल्टीच्या वेळी बघतो तसा, समोरचा कुठल्या बाजूला जातो याची वाट बघत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"कधीपासून?"

"या क्लबात आलो त्याच्या आधीपासून."

"आणि मला आज सांगतोस?"

"गोलमध्ये उभा राहणारा तूच एक आहेस. स्टँडमधलं जेवढं आपल्याला ऐकू येतं तेवढं बाकी कुणाला येत नाही." त्याने चेंडू खाली टाकला. "मला काहीही म्हणोत. पण आपल्याच लोकांनी त्याच्यासमोर तसलं काही केलं, तर मी ग्लव्हज काढून ठेवणार. कायमचे. म्हणून तुला सांगितलं. तयारीत राहा. आणि कुणाला बोलू नकोस."

माझ्या मनात आधी काय आलं तेही लिहून ठेवतो. आधी आली जागा. मग आठवलं, शॉवरखाली आम्ही इतकी वर्षं शेजारी उभे राहतो. मग आठवलं, शॉवरखाली त्याने आजवर फक्त माझा साबण पळवलाय.

बुधवार, ५

कुणालाही सांगितलं नाही. जेवताना विषय नव्हता तरी मी म्हणालो, "खांबाची मावशी फार चांगली बाई आहे."

बायको म्हणाली, "हो का?"

"फारच चांगली. आणि तो तिच्यावर फार जीव टाकतो. एकटाच आहे ना."

बायकोने सासूबाईंकडे, म्हणजे तिच्या आईकडे बघितलं. सासूबाईंनी बायकोकडे. मीठ हवं असेल म्हणून मी मीठ पुढे केलं. दोघींनी घेतलं नाही.

शुक्रवार, ७

सासूबाई मांजराला घेऊन दवाखान्यात निघाल्या होत्या. मी म्हटलं, मी सोडतो. मांजराशी माझं पटत नाही, पण मला डॉक्टर बघायचा होता.

मैदानामागच्या गल्लीत एकच खोली. स्टीलचं टेबल, भिंतीशी पिंजरे, औषधाचा वास. डॉक्टर बुटका आहे, टक्कल पडायला लागलंय, बाहीवर कुणाचे तरी पांढरे केस. याच्यात काय आहे, असं मनात आलं. मग त्याने मांजराला एका हाताने मानेशी धरलं आणि माझ्या घरात कुणाचं न ऐकणारं ते मांजर ताबडतोब डोळे मिटून पडलं.

खिडकीत ग्लव्हज वाळत होते. खांबाचे, अंगठ्याला निळी पट्टी असलेले. सासूबाईंची पाठ वळल्याबरोबर मी ते उचलून माझ्या कोटाच्या खिशात कोंबले. ओले होते.

"खांदा कसा आहे?" सासूबाईंनी डॉक्टरला विचारलं.

"शेक देतो रोज. ऐकत नाही पण. लगेच उड्या मारायला जातो."

"दटावा जरा. तुमचं ऐकेल."

मांजराच्या खांद्याला काही झालेलं नाही. जखम कानाला आहे. पण सासूबाईंचं आता वय झालंय, चालायचंच.

"तीस तारखेला मीही येतोय मैदानात," डॉक्टर म्हणाला. मी मोठ्याने खोकलो.

"वा! मग पहिल्यांदाच ऐकाल आमचा स्टँड," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकतो की. इथपर्यंत येतं सगळं. प्रत्येक सामन्याला." तो कानाला मलम लावत होता. "त्या वेळी खिडकी लावून घेतो मी."

 परतीच्या वाटेवर सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. उघड्या खिडकीत बसून गारठल्या असाव्यात.

रविवार, ९

घरच्या मैदानावर सामना. जिंकलो. खेळलो नाही.

आमच्या उत्तरेकडच्या स्टँडची एक सवय आहे. पाहुण्यांचा गोलरक्षक गोलकिकसाठी चेंडू ठेवून मागे सरला की सगळा स्टँड एका सुरात 'ओऽऽऽ' सुरू करतो. तो धावत येतो तसा सूर चढत जातो, आणि पाय चेंडूला लागतो त्या क्षणी सगळे मिळून ओरडतात, 'बायल्या!' गंमत असते. पाहुणेही सरावलेत. काही गोलरक्षक तर त्या तालावरच पावलं टाकतात. सूर धरायचं काम आमच्या सासूबाईंचं. त्या बस कंडक्टर होत्या. खच्चून भरलेल्या बसच्या मागच्या दारातून ड्रायव्हरपर्यंत पोचायचा तो आवाज. पहिल्या ओळीत उभ्या असतात. घरात आम्हाला त्याचा अभिमान आहे.

तो शब्द मी दर सामन्यात ऐकतो. आज तो मला ऐकू आला.

मध्यंतरात खांब म्हणाला, "आज सूर झकास लागला होता. सासूबाईंना सांग." तो हसत होता. आपण हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. ग्लव्हज त्याला परत दिले.

"कुठे सापडले?"

"दवाखान्यात. लपवले मी. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून."

"दवाखाना त्याचा, ग्लव्हज माझे, आणि ते घेऊन पळालास तू?" तो म्हणाला. "चांगलं गुपित ठेवतोस रे."

घरी सासूबाई गुळण्या करत होत्या. "जावईबापू, माझा आवाज खाली मैदानात नीट ऐकू येतो?"

"स्पष्ट, आई."

"नुसता आवाज, की शब्दही?"

"शब्दही."

वाटलं होतं खूश होतील. पेला तसाच ठेवून आत गेल्या.

गुरुवार, १३

आज ड्रेसिंग रूममध्ये मास्तरांनी विचारलं, कोण कुणाला आणणार. मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक. आई, बायको, मुलगी, पुन्हा आई असं चाललं होतं. खांबाची पाळी आली.

"डॉक्टर," तो म्हणाला. "जनावरांचा. आम्ही एकत्र राहतो."

कुणीतरी नळ बंद केला.

मला राहवलं नाही. "मावशीसाठी!" मी ओरडलो. "मावशीच्या... गुडघ्यासाठी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खांबाने तोंडावर टॉवेल घेतला. त्याचे खांदे हलत होते. रडतोय असं वाटलं. हसत होता.

मग भिंत बोलला. भिंत आमचा बचावपटू, खांबाच्या पुढ्यात खेळतो. "या संघाला जनावरांचा डॉक्टर लागतो हे मी कधीपासून सांगतोय." हशा झाला. पाखरू आमचा विंगर. तो म्हणाला, "माझा घोटा बघेल का? की आधी नाल ठोकून घ्यावी लागेल?"

कॅप्टन हसला नाही. "माझी पोरं असतील त्या दिवशी मैदानात," तो म्हणाला.

"मग?"

"मग स्टँडमधून काय काय ओरडतील, ते माझ्या पोरांनी ऐकायचं?"

"तुझी पोरं दर सामन्याला ऐकतात," खांब म्हणाला. "पाठ आहे त्यांना. पार्किंगमध्ये माझ्या गाडीमागे तेच खेळत असतात."

कॅप्टन लाल झाला. बूट घालून निघून गेला. बाकीच्यांनी आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

मास्तर म्हणाले, "कुणालाही आणा. वेळेवर आणा. गोल खाऊ नका." पण बाहेर आल्यावर माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "राखीव, तयार राहा. लोक बिघडले तर तीसला तू."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते हे.

घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "खूश आहेस?"

"हो."

"मग जेवत का नाहीस?"

शनिवार, १५

पेपरात आलं. खांबाचा फोटो, खाली 'समलिंगी', आणि पुढे प्रश्नचिन्ह. सासूबाईंनी पान उलटं करून मांजराखाली घातलं. मी म्हटलं, "आई, वाचलंत का?" त्या म्हणाल्या, "फोटो जुना आहे. तेव्हा केस बरे होते त्याचे."

धक्का कसा बसला नाही याचं नवल वाटलं. बहुधा नीट वाचलं नसेल.

रविवार, १६

परगावी सामना. त्यांचे लोक पूर्ण वेळ खांबाच्या मागे उभे राहून ओरडत होते. काय ते लिहीत नाही. तीन गोल खाल्ले, एक दोन पायांच्या मधून. मास्तर माझ्याकडे वळून बघत होते. मी वॉर्म-अप केला. पाय हलके होते. शरीराला काही कळत नाही.

बसमध्ये खांब माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "ते परके. परक्यांनी ओरडायचंच असतं. आपला स्टँड काय करतो ते बघू."  थोड्या वेळाने म्हणाला, "डॉक्टरने नवे बूट घेतलेत त्या दिवसासाठी. घरात घालून फिरतोय. पाय सोलवटलेत." आणि हसायला लागला.

बुधवार, १९

सासूबाई हल्ली रोज संध्याकाळी बाहेर असतात. पत्ते खेळायला जाते म्हणतात. त्यांना पत्ते येत नाहीत, पण शिकत असतील. कंडक्टरची जुनी कातडी पिशवी खांद्याला अडकवून जातात आणि घसा बसवून घेऊन येतात. पत्त्यांत इतकं काय बोलायचं असतं? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "डाव मोठा आहे." तीही कधी कधी सोबत जाते.

शनिवार, २२

उत्तरेकडच्या स्टँडमधला ड्रमवाला आज आमच्या जिन्यात उभा होता. दारात मावत नाही एवढा माणूस, मानेवर क्लबचं चिन्ह गोंदलेलं. सासूबाई वरच्या पायरीवर, तो खालच्या, तरी त्याला मान वाकवूनच बोलावं लागत होतं.

"तीस वर्षांची सवय आहे, काकू," तो म्हणत होता.

"मलाही तीस वर्षांचीच आहे."

"पोरं ऐकायची नाहीत."

"तू ड्रम थांबव. पोरांचं मी बघते. आणि तुझ्या कुत्र्याचं पोट कुणी शिवलं? ट्रकखालून आलं होतं तेव्हा? मी?"

मला बघून दोघं थांबली. तो खाली मान घालून गेला. पत्त्यांत हरलेला दिसतो.

गुरुवार, २७

मास्तरांनी मला आणि खांबाला खोलीत बोलावलं. लहान खोली, तीन खुर्च्या, एकीवर चेंडूंची जाळी. आम्ही दोघं उभे.

"तू थकलायस," ते खांबाला म्हणाले. "हात धरून मैदानात ये, डॉक्टरला आण, सगळं कर. पण गोलमध्ये याला ठेवतो. तुझ्याच भल्यासाठी."

 'भल्यासाठी' हा शब्द खांबाला लागला. त्याचे हात मागे होते. ग्लव्हज घातलेले होते, ते तो काढायला लागला. एकेक बोट सोडवत. तो घरी जाण्यासाठी ते काढत नव्हता. मला कळलं.

मास्तर माझ्याकडे वळले. "राखीव, तयार आहेस ना?"

"माझं उजवं मनगट दुखतंय," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"आत्तापासून. म्हणजे सकाळपासून."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "मग इलाज नाही," ते म्हणाले. "खांब, घाल ते परत."

मी असं का म्हणालो ते मला माहीत नाही. मनगट दुखत नाही. याच हाताने लिहितोय.

बायकोने मनगटाला पट्टी बांधली. विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं डावं. "मास्तरांना उजवं सांगितलंस. भिंतीच्या बायकोचा फोन आला होता," ती म्हणाली, आणि दुसरीही पट्टी बांधली. मग बराच वेळ माझे दोन्ही हात हातात घेऊन बसली. दुखत नसताना एवढी काळजी तिने कधी केली नव्हती.

रविवार, ३०

बोगद्यात सगळे रांगेत. डॉक्टरने टाय लावला होता. नव्या बुटांत लंगडत होता. खांबाच्या हातात त्याचा हात, दोघांचेही तळवे घामाने निथळत होते. डॉक्टर दर मिनिटाला पँटला पुसून पुन्हा धरत होता. त्यांच्यामागे मी आणि बायको. पुढे कॅप्टन, दोन्ही पोरांना घेऊन. बाहेर पडायच्या जरा आधी तो मागे वळला. डॉक्टरला म्हणाला, "आमच्या कुत्रीला पिसवा झाल्यात. घरी येऊन बघता का?" एवढंच. डॉक्टर म्हणाला, "येतो." कॅप्टन पुन्हा पुढे बघायला लागला.

बाहेर आलो. पूर्वेकडे टाळ्या. कुठेतरी शिट्या, त्या चांगल्या नव्हत्या. काही लोक पाठ करून उभे राहिले. मोजण्यासारखे होते, मी मोजले नाहीत. उत्तरेकडचा स्टँड गप्प. तो स्टँड मी कधी गप्प बघितला नव्हता. त्यापेक्षा ओरडलेले बरे, असं वाटलं. मध्यावर डॉक्टरने प्रेक्षकांना हात केला, मावशीसारखाच, आणि परत जायचं विसरला. खांबाने त्याला खांद्याला धरून वळवलं.

सामना सुरू झाला. डॉक्टर बेंचमागच्या खुर्चीत, बायको त्याच्या शेजारी. थोड्याच वेळात पाहुण्यांना गोलकिक मिळाली, उत्तरेकडच्याच गोलमधून. त्यांचा गोलरक्षक जुना माणूस, दरवर्षी येतो. त्याने चेंडू ठेवला. मागे सरला.

ओऽऽऽ.

सुरू झालंच. मी डॉक्टरकडे बघितलं नाही. खांब पलीकडच्या टोकाला होता, त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. सूर चढला, आणखी चढला. गोलरक्षक त्याच्या नेहमीच्या तालात धावत आला, पाय मागे नेला.

आणि काहीच नाही. सगळा स्टँड तोंड मिटून उभा. ड्रमसुद्धा नाही.

नाही म्हणायला, वरच्या ओळीतून एकाने तो शब्द ओरडला. एकट्याने. हजारोंच्या तोंडी असतो तेव्हा तो केवढा मोठा वाटतो. एकट्याच्या तोंडी अगदीच पिचका निघाला. आजूबाजूचे त्याच्याकडे वळून बघायला लागले तसा तो खाली बसला.

पाहुण्यांच्या गोलरक्षकाचा तालच चुकला. इतकी वर्षं त्या शब्दावर त्याचा पाय पडायचा. शब्द आला नाही, पाय जमिनीत रुतला, चेंडू घरंगळत पाखराच्या पायाशी आला. पाखरू स्वतःच दचकला. पण गोल केला.

मी उडी मारली आणि डॉक्टरला मिठी मारली. त्याचा टाय माझ्या पट्टीत अडकला.

हे कसं घडलं यावर मी विचार केला. सासूबाईंचा घसा पत्त्यांनी बसलेला आहे. सूर धरणारा आवाज शेवटी तुटला आणि सगळ्यांची ओळ चुकली. दुसरं कारण दिसत नाही.

उत्तरार्धात खांब उत्तरेकडच्या गोलमध्ये उभा राहिला, त्या सगळ्यांच्या पुढ्यात. दोन चेंडू छान अडवले. तिसरा, अगदी साधा, बगलेखालून गेला. एक-एक.

स्टँड पेटला.

"अरे आंधळ्या!"

"खांबा, हात भाड्याने दिलेस काय!"

"डॉक्टर, चष्मा द्या त्याला!"

आणि सगळ्यांच्या वर, घसा बसलेला असूनही, सासूबाई: "झोपलास का रे मेल्या!"

शिट्टी वाजल्यावर खांब बेंचकडे धावत आला. सामना बरोबरीत सुटला होता आणि हा माणूस कप जिंकल्यासारखा. डॉक्टरच्या दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवायला लागला.

"ऐकलंस? आंधळा म्हणाले मला! मेल्या म्हणाले!"

"ऐकलं," डॉक्टर म्हणाला. "गोल साधा होता पण."

सोमवार, ३१

सकाळी सासूबाई मांजराला घेऊन दवाखान्यात गेल्या. मांजराला काही झालेलं नाही. मी दोन्ही पट्ट्या सोडल्या आणि सरावाला गेलो. मास्तरांनी मनगट कसं आहे विचारलं. कुठलं ते विचारलं नाही. परगावचा शेवटचा सामना माझा आहे, म्हणाले. खांब आधीच येऊन उभा होता. मला गोलमध्ये जायला सांगितलं, चेंडू ठेवले आणि माझ्यावर मारायला लागला.